श्रावणात दारू सोडणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आषाढी अमावास्येला मटणाच्या दुकानांपुढील रांगा आणि दारूच्या दुकानांतील गर्दी यांची छायाचित्रे जवळपास सर्वच वृत्तपत्रांत येतात. त्यानंतरच्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयांतील पुरुष कक्षात काय घडते, याची बातमी मात्र क्वचितच होते. शासकीय ग्रामीण रुग्णालयात परिसेविका म्हणून अनेक वर्षे काम करून मी निवृत्त झाले आहे. श्रावणाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत हातपाय कापत असलेले, घामाने भिजलेले, फिट येऊन जीभ चावली गेलेले पुरुष दरवर्षी दाखल होताना मी पाहिले आहेत. त्यांच्यातील बहुतेकांनी चांगल्या हेतूने आणि देवाला साक्षी ठेवून दारू सोडलेली असे. दारू सोडण्याचा निर्णय योग्यच असतो; परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने ती कोणाला न विचारता एका रात्रीत बंद केली, तर त्यात जीव जाऊ शकतो, ही गोष्ट घराघरांत माहीत नाही. ती माहीत व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शरीर पहिली सूचना पुष्कळ आधी देते आणि ती बहुधा सकाळी देते. रात्री दोन-तीन वाजता जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, छातीत धडधडणे, उशी ओली होईल इतका घाम येणे, दात घासताना कोरड्या उलट्या होणे आणि चहाची कपबशी वाजेल अशी हातांची थरथर सुटणे, ही ती लक्षणे होत. एका गृहस्थांची बँकेतील पैसे काढण्याची स्लिप सही जुळत नाही म्हणून वारंवार परत येई. ते दुपारनंतर बँकेत जाऊ लागले, कारण तोवर एक ग्लास पोटात गेलेला असे आणि सही जुळत असे. सकाळचा हा ‘उतारा’ घेतल्यावर थरथर थांबते, मळमळ जाते, माणूस कामाला लागतो, आणि दारू आपल्याला मानवते असे त्याला मनापासून वाटू लागते. खरे तर याच क्षणी त्याने सावध व्हायला हवे. हाताची थरथर दारूने थांबत असेल, तर ती थरथर दारू उतरल्यामुळेच सुटलेली असते आणि शरीर दारूवर अवलंबून राहू लागलेले असते.

त्यापुढील खुणा अधिक उघड असतात, तरीही त्यांना भलतीच नावे दिली जातात. तळपायांची आग आणि मुंग्या यांना साखरेचा आजार समजले जाते, पोटातील जळजळीला ‘पित्त’ म्हटले जाते आणि दोन घास खाऊन ताट सरकवणाऱ्या माणसाला घरचे ‘कामाचा ताण आहे’ म्हणून सोडून देतात. वाढलेला रक्तदाब, आदल्या रात्रीचे बोलणे अजिबात न आठवणे, किरकोळ धक्क्याने अंगावर उमटणारे काळेनिळे डाग, लाल पडलेले तळहात, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक लाल शिरा, पुरुषांमध्ये स्तनांची वाढ, या सर्वांकडे एकत्र पाहिले तर रोग ओळखायला वेळ लागत नाही. वरच्या पोटात उठून पाठीकडे जाणारी आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी कमी होणारी असह्य कळ स्वादुपिंडाची असू शकते. डोळे पिवळे होणे, पायांवर सूज येणे, पोटात पाणी भरणे, डांबरासारखी काळी शौच होणे किंवा उलटीत रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. ‘लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला’ हे वाक्य मी अतिशय आनंदाने उच्चारलेले ऐकले आहे, आणि त्याच संध्याकाळी त्या आनंदात बाटली उघडली गेल्याचेही ऐकले आहे. यकृत बराच काळ काहीही न बोलता सोसत राहते. नेहमीच्या रक्ततपासण्या ठीक असतानाही आत इजा झालेली असू शकते. याची दुसरी बाजू मात्र खरोखर दिलासा देणारी आहे. यकृतावर नुसती चरबी चढलेली असताना दारू पूर्ण थांबवली, तर काही आठवड्यांतच ते सुधारू लागते, रक्तदाबही बहुधा उतरतो. आणि सिरॉसिस (यकृत कायमचे कडक होऊन निकामी होत जाणे) झाल्यानंतरही जो थांबतो तो न थांबणाऱ्यापेक्षा सामान्यतः अधिक जगतो. त्यामुळे आता उशीर झाला, आता सोडून काय उपयोग, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

किती पिणे म्हणजे जास्त, हा प्रश्न प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवून सोडवतो. व्हिस्की-रमच्या ३० मिलीलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. म्हणजे रोज एक क्वार्टर (१८० मिलीलिटर) घेणारा दररोज सुमारे ६० ग्रॅम पोटात घालतो. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीलिटरच्या एका बाटलीत ३० मिलीलिटरच्या सुमारे चार पेगांइतके अल्कोहोल असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. स्त्रियांच्या शरीराला तुलनेने कमी दारूने आणि कमी काळात इजा होते. त्या मात्र ओपीडीत ‘ॲसिडिटी’ म्हणून येतात, आणि त्यांना दारूविषयी कोणी विचारतही नाही.

आता श्रावणाविषयी. ‘मी महिनाभर थेंबाला शिवत नाही, म्हणजे मी व्यसनी नाही’ हा युक्तिवाद सर्वांनी ऐकला असेल. महिनाभर थांबता येते ही चांगली गोष्ट आहे, पण तो पुरावा होत नाही; त्या महिन्यात दिवस मोजले जातात का आणि महिना संपताच पहिल्यापेक्षा अधिक प्यायली जाते का, हे पाहावे. गळ्यात तुळशीची माळ घालून आयुष्यभरासाठी दारू सोडलेली माणसे माझ्या गावात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु निर्धार मनाचा असतो, आणि पहिल्या आठवड्यात जे घडते ते मेंदूत घडते. दारू मेंदूचे काम मंद करते. रोजच्या त्या माऱ्याला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की मंद करणारे काही उरत नाही आणि वाढवलेली उत्तेजना तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ आणि घालमेल सुरू होते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्या दिवसापर्यंत काहींना ताप चढतो, नाडी पळू लागते, भिंतीवर मुंग्या नि किडे दिसतात, ते चादरीवरून काहीतरी वेचत बसतात, घरच्यांना ओळखत नाहीत. त्याला वैद्यकीय भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात मृत्यू होऊ शकतो.

आमच्याकडे असे रुग्ण बरेचदा देवऋषीकडून आलेले असत. उपास चालू, दारू बंद, आणि तिसऱ्या रात्री माणूस नसलेल्या गोष्टी पाहून ओरडू लागला, की देवाचे काही चुकले किंवा बाहेरची बाधा झाली असा घरच्यांचा समज होतो आणि मोलाचे तास निघून जातात. कुटुंबीयांना मी दोष देत नाही, कारण त्यांना हे कोणीच सांगितलेले नसते. दुसरी चूक सलाईनची. ‘अशक्तपणा आला आहे, बाटली लावा’ असा आग्रह धरून माणसाला जवळच्या दवाखान्यात नेले जाते आणि तेथे नुसते ग्लुकोज चढवले जाते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आधीच फार कमी झालेले असते आणि साखर वापरताना मेंदूला तेच लागते. थायमिनचे इंजेक्शन न देता ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिनही संपून एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोल जाणे, भ्रम होणे असे घडू शकते. तेव्हाही उपचार झाले नाहीत तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना ‘हे रोज दारू पितात आणि शेवटची अमुक वाजता घेतली’ हे घरच्यांनी पहिल्याच वाक्यात सांगावे. हाड मोडले म्हणून किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होतानाही हे सांगावे; शस्त्रक्रिया उत्तम होऊन तिसऱ्या दिवशी रुग्णाने नळ्या उपटल्याचे प्रसंग घडतात, आणि त्यामागे अनेकदा लाजेपोटी लपवलेली दारूच असते.

ज्याला सकाळी थरथर सुटते, ज्याला उतारा लागतो, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे किंवा भास झाले आहेत, त्याने घरच्या घरी अचानक बंद करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे आणि त्यांच्या देखरेखीखाली बंद करावी. पहिले पाच ते दहा दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे देऊन ती हळूहळू कमी केली जातात, सोबत थायमिन दिले जाते, आणि हा काळ बहुतेकांचा सुखरूप पार पडतो. ही औषधे दुकानातून परस्पर आणू नयेत. दारूबरोबर घेतल्यास ती श्वास बंद पाडू शकतात. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी तसेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामुळे व्यसन हा आजार आहे ही जाणीव मराठी घरांत पोहोचली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या सभा अनेक गावांत मराठीतून होतात. तेथे पैसे द्यावे लागत नाहीत आणि पूर्ण नावही सांगावे लागत नाही. तरीही केंद्र शासनाच्या २०१९ मधील सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कोणते ना कोणते उपचार मिळतात. आपल्याकडे उपचारांची गरज फार मोठी आहे आणि त्यासाठी जाण्याची लाज तिच्याहून मोठी आहे, असा माझा अनुभव आहे.

शरीरातून दारू गेली म्हणजे सुटली असे होत नाही, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे. पुढचे काही महिने झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, संध्याकाळची ठरलेली वेळ अंगावर येते. या काळात ‘एवढे केले तरी तोंड वाकडेच’ असे टोमणे मारण्याऐवजी त्या वेळेला जेवण लवकर वाढणे, सोबत चालायला जाणे, डॉक्टरांची तारीख न चुकवणे यांचा अधिक उपयोग होतो. पुन्हा प्यायला गेला तर उपचार वाया गेले असे न समजता त्याला परत घेऊन यावे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात कायमचे सुटलेले रुग्ण मला ठाऊक आहेत.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘नकळत दारू सोडवा, जेवणातून द्या’ अशा मजकुराच्या जाहिराती वारंवार दिसतात. अशा काही पुड्यांत काय असते हे घेणाऱ्याला कळत नाही. त्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि माणूस त्यावर दारू प्यायला, तर चेहरा लाल होऊन, उलट्या होऊन, रक्तदाब घसरून तो मरू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध उपयोगी आहे, पण ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. नवऱ्याच्या भाजीत पुडी मिसळणारी बाई हताश झालेली असते, आणि तिच्या हताशपणावर हा धंदा चालतो. अशी जाहिरात यापुढे स्वीकारू नये, आणि त्या जागी मदतवाहिनीचे वर दिलेले दोन क्रमांक छापता येतील का याचा विचार करावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका,
जि. सातारा