आईच्या घराची फरशी

स्कोकी, इलिनॉय
रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न.

आई काल फोनवर म्हणाली की दिवाळी झाली की बडोद्याच्या घराची फरशी बदलायचं तुम्ही नक्की केलंय. घरभर दोन बाय चार फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि तिच्या खोलीत लाकडासारखं लॅमिनेट. ठेकेदार जुन्या फरशीवरच नवी चिकटवून देतो म्हणालाय. दादा, आगाऊ पैसे दिले नसतील तर जरा थांब. टाइल कुठली घ्यायची ते नंतर ठरवू, आधी खाली काय आहे ते बघायला हवं.

आमच्याकडेही सध्या हाच विषय चाललाय. हे घर १९५० च्या दशकातलं. पाहायला आलेल्या कारागिराने नमुने दाखवलेच नाहीत. घर कधीचं, तळघरात पाणी येतं का, एवढं विचारलं आणि कोपऱ्यातलं कार्पेट उचललं. खाली पाऊण इंच जाडीच्या ओकच्या पट्ट्या निघाल्या. त्या घासून पुन्हा पॉलिश करता येतात, म्हणजे वरच्या मजल्यावर नवीन काही घालायची गरजच नाही. तळघरात मात्र नऊ बाय नऊ इंचांच्या जुन्या टाइल्स आहेत. इथल्या त्या काळच्या अशा टाइल्समध्ये आणि त्यांच्याखालच्या काळ्या डिंकात बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतं. अखंड आहेत तोवर धोका कमी, फोडल्या की तंतू हवेत जातात. म्हणून तुकडा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तिथे छिन्नी लावायची नाही, असं त्याने बजावलं.

बडोद्यात आपल्या कारेलीबागच्या घरात ती भीती नाही, आपली फरशी सिमेंटच्या मोझेकची. तिथे काळजी आहे ती ओलीची. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं. आपल्या हॉलमध्ये तेव्हा पाणी शिरलं, आणि आईच्या खोलीत भिंतीच्या पायथ्याचा रंग अजून सुटतोच आहे.

तू बडोद्याला जाशील तेव्हा एवढं कर. जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा घे आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करून फरशीवर लाव. निदान १६ तास तसाच राहू दे. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा फरशी काळपट झालेली दिसली, तर खालून ओल येतेय. आईच्या खोलीत आणि हॉलमध्ये तरी लावून बघच. ओल निघाली तर लॅमिनेटचा विचार सोडा. वहिनी, थंडीत आईच्या पायांना गार लागू नये म्हणून तुम्ही ते सुचवलंत, ते मला कळतं. पण त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो, पाण्याने फुगला की पुन्हा बसत नाही. व्हिट्रिफाइड फुगत नाही, ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. पण म्हणूनच खालची ओल तिच्यातून बाहेर पडत नाही, सांध्यांतून आणि भिंतींत वाट काढते. शिवाय नाण्याने एकेक फरशी वाजवून बघ. पोकळ वाजेल तिच्यावर नवीन चिकटवली तर ती जुनीसकट हलेल.

मला सगळ्यात जास्त काळजी उंचीची वाटते. टाइल आणि खालचा मसाला मिळून फरशी अर्धा इंच तरी वर येणार. दारं खालून तासता येतील. पण जिथे नवी फरशी संपून जुनी सुरू होईल तिथे कड राहील, आणि बाथरूममध्ये उतरायची पायरी तेवढी खोल होईल. पायरी डोळ्यांना दिसते, अर्ध्या इंचाची कड दिसत नाही. आई पहाटे दिवा न लावता देवघरापर्यंत जाते, पायांना ते घर पाठ आहे. या वयात तिचा पाय अडखळला तर पुढे काय, ते तुला सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, हॉल आणि खोल्यांतली मोझेक ठेवावी आणि घासून घ्यावी. संगमरवराच्या चिपा वरच्या थरात खोलवर असतात, त्यामुळे पातळ थर घासला की फरशी पुन्हा नवी दिसते. झोपाळ्याखाली पाय घासून गुळगुळीत झालेला पट्टाही बाकीच्या फरशीशी एकसारखा होईल. आधी जाड दाण्याचा दगड, मग भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरून बारीक दगड, असं ते काम चालतं. फक्त आरशासारखी चकाकी नको आणि वरून मेण तर मुळीच नको. घासताना निघणारा गाळ मोरीत ओतू देऊ नकोस, पाइपात बसून घट्ट होतो. हिरवट चिपांची ती फरशी बाबांनी निवडली होती, हे माझ्या मनात आहेच, पण केवळ तेवढ्यासाठी हे म्हणत नाही.

बाथरूम आणि स्वयंपाकघर मात्र बदलाच. बाथरूमची फरशी पूर्ण काढून वॉटरप्रूफिंग करून घ्या. तिथे मोठी टाइल घालू नका. जाळीकडे चारही बाजूंनी उतार द्यायचा तर लहान टाइलच हवी, आणि सांधे जास्त म्हणजे पायाला पकडही जास्त. मॅट घ्या, खोक्यावर आर ११, म्हणजे पाय न घसरण्याचा दर्जा, लिहिलंय का ते बघा. एकाच बॅचची एक पेटी जास्तीची ठेवा. टाइल्स बनतात ते मोरबी गुजरातेतच असलं तरी तीच छटा पुढच्या वर्षी मिळेल असं नाही.

काम चालेल तोवर आईला पुण्याला घेऊन जा, ती धूळ तिला सोसायची नाही. आणि वहिनी, तिला एकटीला बसवून विचारा की तिला काय हवंय. माझ्याशी ती फक्त "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली.

ठेकेदाराकडून घासाई-पॉलिशचा खर्च आणि बाथरूम-स्वयंपाकघराचा खर्च वेगवेगळा लिहून घे. अर्धे पैसे मी पाठवतो. परवा तुझ्या वेळेने रात्री नऊला फोन करतो.

तुमचा,
धाकटा