घोडा अडला की आधी पाठ बघा

संपादक साहेब, नमस्कार.
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेणारी तरुण पोरं बघून बरं वाटतं, पण घरी आणल्यावर घोडा बसू देईना की लगेच चाबूक आणि काटेरी लगाम, हे बघवत नाही हो. आमच्या शेजारच्या पोराची मारवाडी घोडी खोगीर दिसलं तरी कान मागे टाकायची, नीट बघितलं तर तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली, कातडी सोललेली! मग जखम भरेपर्यंत खोगीर बंद, रोज नुसतं दोरीवर चालवणं, ती मान खाली सोडून तोंड चघळायला लागली की त्याच क्षणी दोरी ढिली, कारण घोड्याला ढील मिळणं हेच बक्षीस कळतं आणि उशिरा दिली तर काही उपयोग नाही. आणि घोड्याला अगदी शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याकडून, बोलत बोलतच जवळ जायचं. पोरगाही पडल्यापासून घाबरलेला, तो आधी पायीच तिच्यासोबत तापीकाठी फिरला, मग बसला. अजून पळवत नाही, पण घोडी त्याला बघून स्वतः पुढे येते. यात्रेत नवीन घेणाऱ्यांना हे दाखवायला जाणती माणसं बसवा, एवढं आयोजकांपर्यंत पोचवा.
– एक वाचक, ता. शहादा