अण्णांचं दुकान

ठाणे (प.)

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

जांभळी नाक्याचे किराणावाले अण्णा शुक्रवारी पहाटे गेले, घरीच, झोपेत. फोनवर तू विचारलंस, सगळं नीट पार पडलं ना? तेव्हा आजूबाजूला माणसं होती. अंत्यविधी चोख झाला. घोळ आहे तो दुकानाचा. तुझे बाबाही वाशीचा गाळा अजून एकट्याच्या नावावर चालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मृत्यू घरी झाला की आधी नेहमीचे डॉक्टर बोलवायचे. मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४-अ, ते देतात आणि तो दाखवल्यावरच स्मशानात नोंद होते. डॉक्टरांनी पेशंटला अलीकडे पाहिलंच नसेल तर ते सही करत नाहीत. मग पोलीस आणि शवविच्छेदन. अण्णा दर महिन्याला बीपी दाखवायचे म्हणून सुटलं. नाव मात्र आधारवर आहे तसंच लिहून घ्यायचं. जन्मभर सगळ्या बाजाराने अण्णा म्हटलं, त्यामुळे त्यांचं पाळण्यातलं नाव धाकट्या सुनेलाही चटकन सांगता येईना. एक अक्षर चुकलं तरी पुढे बँक कागद परत करते.

तिरडी बाजारातल्या हमालांनीच बांधली. बांबू हिरवे घेतले, कारण वाळलेला खांद्यावर चिरतो. आठेक फुटांचे दोन, त्यावर सहा-सात आडव्या कामट्या. कमरेखालच्या दोन अगदी जवळ, सगळा भार तिथेच येतो. नवखी माणसं सारख्या अंतरावर बांधतात आणि वाटेत मधोमध झोळ पडतो. अण्णांना पेसमेकर होता. तो डॉक्टरांकडून आधी काढून घ्यावाच लागतो, नाहीतर आचेत बॅटरी फुटते. घाईत हे कुणी विचारत नाही. थोरल्या मुलाच्या लक्षात होतं म्हणून बरं.

नाक्यावरून यात्रा निघाली तेव्हा दुतर्फा शटरं अर्ध्यावर होती. जवाहरबाग स्मशानात लाकडाचीच चिता हवी असं घरच्यांचं म्हणणं. लाकूड सुमारे ३०० किलो लागतं. जाड ओंडके खाली, मध्ये हवा खेळायला फट, काही जाड लाकडं छातीवर. गच्च रचली की चिता धुमसत राहते. मडक्याच्या तीन फेऱ्या, अश्म्याने पाडलेली भोकं, सगळं गुरुजींनी बिनगडबड करून घेतलं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. स्मशानातली पावती जपून ठेवायची आणि दाखल्याच्या दहा तरी प्रती घ्यायच्या. त्या पुरतात असं अजून कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आता दुकान. एकट्या मालकाचं दुकान कायद्याच्या लेखी मालकाबरोबरच संपतं, आणि नेमकं हेच घरच्यांना पटत नाही. दिवसपाणी उरकल्यावर मुलाने शटर उघडलं आणि वडिलांच्याच जीएसटी नंबरावर बिलं फाडायला लागला. ते चालत नाही. वारसाने आधी स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची, मग शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, आयटीसी-०२ हा फॉर्म भरून आपल्याकडे वळवायचं आणि त्यानंतरच जुनी नोंदणी रद्द करायला आरईजी-१६ हा अर्ज टाकायचा. क्रम उलटा झाला तर क्रेडिट अडकतं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न. एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं आयकर रिटर्नही वारसालाच भरावं लागतं.

गल्ल्यावरचा क्यूआर तर सगळेच विसरतात. तो अण्णांच्या खात्याचा. गिऱ्हाइकं पैसे टाकत राहिली, आणि बँकेला कळवल्यावर खातं गोठलं, त्यात ही विक्रीही गेली. आधी स्टिकर काढायचा, मग बँकेत जायचं. आणि नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा. मालकी सगळ्या वारसांची. धाकट्या भावाला हे सांगताना आवाज चढले, ते जाऊ दे.

मालाची मोजणी तिसऱ्या दिवशीच व्हायला हवी होती. वाटणीलाही तीच लागते आणि क्रेडिटलाही. दुकान तेरा दिवस बंद, वर हे दमट दिवस: रव्यात अळ्या, गुळाला पाणी सुटलेलं, तुरीत किडे. शेजाऱ्याला किल्ली देऊन रोज तासभर शटर वर केलं असतं तर बराच माल वाचला असता. सुतकात शटर उघडू नये म्हणतात; माझ्या मते ते विक्रीपुरतं.

खाद्य परवाना वारसासाठी ९० दिवस चालू राहतो, तेवढ्यात तो आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करायचा. जागा भाड्याची आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू गेला की त्या जागेत त्याच्यासोबत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क आधी येतो. थोरला वीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, पण कागदावर त्याचं नाव कुठेच नाही. ना पगार, ना भागीदारी. आता शेजाऱ्यांचे जबाब गोळा करतोय.

उधारीची वही लाल कापडात बांधलेली सापडली. निम्म्या नोंदी खुणांच्या: ‘गच्चीवाली’, ‘पोपटवाले’. मालाच्या उधारीचा दावा लावायला मुदत तीन वर्षांची, ती नव्याने सुरू व्हावी म्हणून जी माणसं ओळखू येतात त्यांच्याकडून आता रकमेखाली तारखेसकट सही घेणं चाललंय. वाशीच्या दाणा मार्केटमधल्या व्यापाऱ्यांनी मात्र आपलं येणं दहाव्यालाच कळवलं.

बाबांच्या बँकेत नॉमिनी कोण आहे ते बघ. तुझ्या भावाला भागीदार करून घ्या, निदान महिन्याचा पगार खात्यातून दाखवा. आणि त्यांच्या वहीतल्या खुणा शेजारी बसून लिहून घे, त्यांना राग आला तरी. भागीदारीच्या कागदाचा मसुदा हवा असेल तर कळव, अण्णांच्या थोरल्याचे सीए चांगले आहेत.

वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
विलास