मिरगाआधीचं भाडं

म्हापसा, गोवा
१४ जून

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू ओरडलास, "अकरा महिन्यांचं भाडं एकदम मोजलंस? डोकं फिरलंय काय तुझं!" मी कदंबच्या बसमध्ये उभा होतो आणि शेजारच्या बाई मासळीची पिशवी सावरत कान देऊन ऐकत होत्या, म्हणून तेव्हा नुसतं हुं-हुं केलं. आता सगळं सांगतो.

पर्वरीला आमचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. ऑक्टोबरात सीझन लागला आणि मालकाचा पुतण्या 'कायमचा' राहायला येणार म्हणून आम्हाला महिनाभरात बाहेर काढलं. पुतण्या कसला! पंधरा दिवसांनी विसरलेली इस्त्री आणायला गेलो, तर गॅलरीत पर्यटकांचे टॉवेल वाळत होते. तेव्हापासून हिने एकच धोशा लावलाय: मालक जिथे स्वतः राहतो तिथेच भाड्याने राहायचं.

हे घर तसलंच. म्हापशाबाहेर, जुनं, कौलारू. पुढच्या बाजूला मालक, म्हणजे काका-काकू, मागे आम्ही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, विहिरीला पंप. भाडं १४,०००. पहिलं वर्ष महिन्याच्या महिन्याला भरलं. मे महिन्यात ॲग्रीमेंट संपत आलं, तेव्हा 'भाडं वाढवू नका' एवढंच सांगायला म्हणून गेलो. काका अंगणात मेस्त्रीबरोबर उभे. माझ्यादेखत त्यांनी एका वाशावर अंगठा दाबला, तर अंगठा आतच गेला आणि खाली पिठासारखा भुसा सांडला. वाळवी! वासे, रिपा, शिवाय निम्मी मंगळुरी कौलं, सगळं मिरगाआधी बदलायला हवं होतं. मेस्त्री म्हणत होता, लाकडाचे पैसे हातात पडल्याशिवाय कामाला हात लावणार नाही. काका म्हणाले, "पयसे म्हाका रोखडेच जाय." म्हणजे, पैसे मला लगेच हवेत.

तिथे मला नाडी सापडली. भाडं वाढवू नका, हे बोलणं मी गिळलं आणि घरी येऊन कागद-पेन घेतलं.

अकरा महिन्यांचे होतात १,५४,०००. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, सगळे आताच देतो, पण अकराचे नऊ धरा. काका हसले. च्या आला, खाजं आलं, जावयाच्या नोकरीचा विषय आला, आणि मग हळूच म्हणाले, "धा." मी म्हटलं, विचार करतो. ते म्हणाले, "पळोवया." हा शब्द तुला इथे यायचं तर आधी शिकून घे. म्हणजे 'बघूया', पण त्याचा अर्थ हो पण होतो, नाही पण होतो. चार दिवस कुणीच पुढे बोललं नाही. पाचव्या दिवशी लाकूड भरलेला टेम्पो दारात उभा राहिला आणि आमचं १,३२,००० वर जमलं. म्हणजे महिना १२,०००, वाचले २२,०००.

आता तुझ्या बँकेचा हिशेब. पैसे एफडीत असते तर सात टक्के धर. पण सगळे पैसे काही अकरा महिने पडून राहिले नसते, दर महिन्याला भाडं काढावं लागलंच असतं. सरासरी पाच महिने आधी दिले म्हण. व्याज बुडालं चार हजारांच्या आसपास. बावीस विरुद्ध चार. एफडी मोडल्याचा दंड घाल, तरी गणित हलत नाही.

पण खरी भीती व्याजाची नव्हतीच. पैसे त्यांच्या छपरात गेले आणि उद्या ऊठ म्हणाले तर? म्हणून मी कागदावर अडून बसलो. त्यांनी मुदतीआधी उठवलं, किंवा घर विकलं, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे महिना १२,००० प्रमाणे पंधरा दिवसांत परत, आणि डिपॉझिट वेगळं. आम्हीच सोडून गेलो तर एक महिन्याचं त्यांनी ठेवायचं. पैसे मात्र बँकेतूनच, आणि वर सही केलेली पावती. मेस्त्रीला द्यायला त्यांना रोख हवी होती, थोडे कुरकुरले, पण मी ऐकलं नाही. पुरावा नसला की प्रेमाची माणसंही विसरतात. पोलिसांत भाडेकरूचा फॉर्म पुन्हा भरला तो याच नव्या ॲग्रीमेंटवर.

एका ठिकाणी मात्र काका मला वरचढ ठरले. ॲग्रीमेंटमध्ये भाडं १४,०००च लिहायला लावलं, आणि खाली 'एकरकमी दिल्याबद्दल सवलत'. म्हणजे पुढच्या वर्षी बोलणी चौदापासूनच सुरू. मी म्हटलं, लिहा. छप्पर त्यांचं होतं, पण त्याखाली झोपणार आम्ही होतो.

पैसे आले कुठून, तर हिची भिशी लागली होती ६०,०००, बाकी एफडी मोडली. घरात अडीनडीला म्हणून आता फार नाही, हे खरं आहे. तुला अशी सवलत मागायची असेल तर आधी तेवढं बघ. महिन्याच्या पगारावर उसनवारी करून असला पराक्रम करू नकोस.

आणि एक गोष्ट माझ्या कागदावर आलीच नव्हती. गेल्या वर्षी नळ गळला तर एक तारखेला भाडं देताना सांगायचो आणि तीन तारखेला प्लंबर हजर व्हायचा. आता एक तारखेला मी रिकाम्या हाताने जातो. विहिरीवरचा पंप चार दिवस बंद आहे, कळशीने पाणी शेंदतोय, आणि काका ओसरीवरून मायेने म्हणतात, "पळोवया."

छप्पर मात्र गळत नाही. आठवडाभर नुसता कोसळतोय, पण हिने यंदा अजून एकही पातेलं जमिनीवर ठेवलेलं नाही. चतुर्थीला ये, तोवर पंप चालू झाला असेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू