दारावरची पाटी बघून ये

नागपूर,
रविवार, सकाळ

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं आज सांबारवडी केली आणि पहिला घाणा निघेपर्यंत तीनदा म्हणाली, "पोरगी तिथं काय खात असेल कोण जाणे." मी कागद घेऊन गच्चीवर आलो. फोनवर तुझ्याशी बोलताना मला वेळेवर काही सुचत नाही. तू फोन ठेवलास की मग सुचतं.

मागच्या रविवारी तू वैतागून म्हणालीस, "बाबा, इथं हेगमध्ये आंतरराष्ट्रीय कोर्टं निकाल इतके देखणे लिहितात, पण बजावणी करायला कोणीच नाही. तुमच्यासारखा एखादा बेलिफ ठेवायला पाहिजे होता." आणि हसलीस. खरं सांगतो, मला ते हसू लागलं. चौतीस वर्षं दिवाणी कोर्टाचा बेलिफ, म्हणजे समन्स-नोटिसा नेऊन बजावणारा माणूस, म्हणून खांद्याला पिशवी लावून फिरलो, म्हणून सांगतो: बेलिफ असला की बजावणी होते, हे तुला कोणी सांगितलं?

महालात एक वाडा होता. तिथं समन्स घेऊन गेलो की दारात चपला दिसायच्या, आतून फोडणीचा वास यायचा, आणि पोरगं सांगायचं, "बाबा गावाला गेलेत." मी अहवालात लिहायचो, "मिळून आले नाहीत." पुढच्या तारखेला तेच. शेवटी साहेबांच्या हुकमानं दोन पंच उभे करून समन्स दारावर डकवलं. दावा चालला, वादी जिंकला, हुकूमनामा झाला. मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलासाठी पुन्हा अर्ज. तिच्यात अकरा वर्षं गेली. आपल्याकडे पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. इंग्रज गेला, प्रिव्ही कौन्सिल गेलं, वाक्य राहिलं. तेव्हा देशातल्या कायद्याचा हात लांब आणि देशाबाहेरचा लुळा, अशी सरळ वाटणी करू नको.

देशाबाहेरचा हात मी स्वतः पाहिलाय. तू तेव्हा शाळेत होतीस. आम्हा बेलिफांना कागद वाटून देणाऱ्या नाझर साहेबांनी मला बोलावून जाडसर लिफाफा दिला. जर्मनीच्या कोर्टाचे कागद, वर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये छापलेला फॉर्म, सोबत भाषांतर. इतवारीत किराणा ओळीच्या मागे राहणाऱ्या एका व्यापाऱ्यावर बजवायचे होते. मी विचारलं, "साहेब, जर्मनीचं कोर्ट आणि मी, हे कसं काय?" ते म्हणाले, कोर्टाचे कागद परदेशात बजावण्यासाठी १९६५ चा हेगचा करार आहे, भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो आपल्याला लागू आहे. परक्या कोर्टानं आपल्या माणसाला थेट टपालानं कागद पाठवणं भारताला मान्य नाही. कागद दिल्लीला विधी मंत्रालयात यायचा, तिथून जिल्हा न्यायालयात, तिथून नाझर शाखेत, आणि तिथून माझ्या पिशवीत.

पत्त्यात घर क्रमांक होता, पण इतवारीत घर क्रमांकावरून कोण कोणाला ओळखतं? दोन चकरा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा एका पानवाल्यानं बोळ दाखवला. व्यापाऱ्यानं कागद उलटसुलट पाहिले, मला चहा पाजला आणि सही केली. मी मराठीत अहवाल लिहिला, वरच्यांनी इंग्रजीत प्रमाणपत्र भरलं आणि ते आल्या वाटेनं परत गेलं. एवढंच. ना पोलीस, ना जप्ती. जर्मनीचा कोणी माणूस नागपुरात आला नाही, तरी त्याचं काम झालं, कारण उद्या आपल्याकडचा कागद त्यांनाही न्यावा लागणार होता. तू ज्याला मोठ्या शब्दात आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतेस, ते मी सायकलवरून नेलंय.

आता तुझ्या मोठ्या कोर्टाबद्दल, म्हणजे देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाबद्दल. जाधवांचा खटला आठव. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं एप्रिल २०१७ मध्ये कुलभूषण जाधवांना फाशी सुनावली. आपल्या वकिलातीच्या माणसाला त्यांना भेटूच दिलं नव्हतं. भारत ८ मे रोजी हेगला गेला आणि १८ मे रोजी कोर्टानं सांगितलं, आम्ही निकाल देईपर्यंत फाशी देऊ नका. दहा दिवसांत मनाई हुकूम! आपल्या न्यायमंदिरात दहा दिवसांत तारीख मिळाली तरी वकील पेढे वाटतील. भारताची बाजू हरीश साळवेंनी एक रुपया फी घेऊन मांडली. ते आपल्या नागपुरात शिकलेले, माजी केंद्रीय मंत्री एनकेपी साळवेंचा मुलगा, म्हणून तेव्हा बाररूमपासून चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येक जण त्यांचा वर्गमित्र निघत होता.

१७ जुलै २०१९ ला निकाल लागला, पंधरा विरुद्ध एक. विरोधातलं मत पाकिस्ताननं नेमलेल्या न्यायमूर्तींचं. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ पाळलं गेलं नाही: परदेशात पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क सांगा, त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवा, त्यांना भेटू द्या. कोर्टानं शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. शिक्षा रद्द करा, माणूस सोडा, ही भारताची मागणी मात्र फेटाळली. सप्टेंबरमध्ये आपल्या अधिकाऱ्याला भेट मिळाली. पुढे २०२१ मध्ये पाकिस्ताननं फेरविचाराचा कायदाही केला.

मला त्या सगळ्या प्रकरणातला एकच दिवस डोळ्यांसमोर राहिलाय, २५ डिसेंबर २०१७. आई आणि बायको इस्लामाबादला भेटायला गेल्या. मधे काच. त्यांचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र खात्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आपलं मूल काचेपलीकडे आणि आपण त्याला 'जेवलास का रे' एवढंही आपल्या भाषेत विचारायचं नाही. तुझ्या आईनं ते ऐकून टीव्हीच बंद केला होता.

तू म्हणशील, माणूस तर अजून तुरुंगात आहे, मग काय मिळालं? फाशी थांबली. एका कागदानं थांबली, आणि तो कागद न्यायला कोणी बेलिफ गेला नव्हता.

पण मी तुला फक्त गोड गोष्टी सांगत नाही. त्याच कलमावर जर्मनीनं अमेरिकेविरुद्ध दावा केला होता. मार्च १९९९ मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं, जर्मन नागरिक वॉल्टर लाग्रांडला फाशी देऊ नका. अ‍ॅरिझोनानं त्याच दिवशी मृत्युदंड दिला. २००१ मध्ये कोर्टानं ठणकावलं की आमचे अंतरिम हुकूमही बंधनकारक असतात. मग मेक्सिकोनं आपल्या पन्नासएक माणसांसाठी दावा लावला, २००४ मध्ये जिंकला, तरी २००८ मध्ये टेक्सासनं त्यातल्या मेडेलीनला मृत्युदंड दिलाच. मधे २००५ मध्ये अमेरिकेनं त्या व्हिएन्ना करारासोबतच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे वाद झाला तर याच कोर्टात जायचं असं मान्य करणाऱ्या जोडकरारातून, अंगच काढून घेतलं, म्हणजे पुन्हा कोणी त्या दारानं यायला नको. गंमत अशी की तेहरानमध्ये अमेरिकेचे लोक ओलीस होते तेव्हा, १९७९ मध्ये, त्याच दारानं अमेरिका स्वतः आत गेली होती.

ते दार होतं म्हणून जाधवांचं प्रकरण उभं राहिलं, हे विसरू नको. भारत आणि पाकिस्तान दोघंही त्या प्रोटोकॉलमध्ये सामील झालेले. नाहीतर १९९९ मध्ये कच्छजवळ आपण त्यांच्या नौदलाचं विमान पाडलं, तेव्हा पाकिस्तान हेगला गेलं आणि कोर्टानं २००० मध्ये हात वर केले, आम्हाला अधिकारच नाही म्हणून. तेव्हा आपण खूश होतो. दार कोणासाठी उघडं ठेवायचं आणि कोणासाठी बंद, यात आपलंही वागणं काही फार निर्मळ नाही.

तुझ्या गावातल्या त्या दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबद्दल मी थोडंच लिहितो, कारण वॉरंट हा माझ्या अनुभवाचा विषय. पुतिन यांच्या नावानं मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं. ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या परिषदेला ते गेले नाहीत, पडद्यावरून बोलले. पुढच्या वर्षी मंगोलियाला गेले, तो देश सदस्य असूनही कोणी हात लावला नाही. आणि फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये मनिलाच्या विमानतळावर पकडले जाऊन थेट तुझ्या शेजारी येऊन बसले. एक वॉरंट बजावलं, एक परत आलं. आमच्याकडे यापेक्षा वेगळं काय व्हायचं? भारत त्या न्यायालयाचा सदस्यच नाही, तेव्हा यावर मी जास्त शहाणपणा करत नाही.

मला जास्त लागतं ते यवतमाळचं. २०१७ चा पावसाळा तुला आठवत असेल, तू सुट्टीत आत्याकडे होतीस. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीची भीती, आणि पाठीवर पंप घेऊन मजूर त्या झाडांत शिरायचे. फवारा तोंडावरच यायचा. आपण त्या विषाला औषध म्हणतो, तिथूनच घोटाळा सुरू होतो. एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. आत्याच्या शेजारचा सालगडी दोन दिवस आंधळ्यासारखा भिंत धरून चालत होता.

त्या डब्यांपैकी एक औषध स्वित्झर्लंडच्या कंपनीचं होतं. तिच्या स्वतःच्या देशातल्या बाजारातून ते केव्हाच उठलेलं. २०२० मध्ये ५१ शेतकरी-मजुरांच्या वतीनं तिथल्या सरकारी संपर्क केंद्राकडे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं कंपन्यांसाठी घालून दिलेल्या तत्त्वांखाली तक्रार गेली. त्यातून समझोता निघाला नाही. दुसरीकडे दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी थेट बासेलच्या दिवाणी न्यायालयात गेले. कंपनी म्हणते आमचा दोष नाही. ते तिचं म्हणणं, कोर्ट बघेल.

मी त्यातल्या कज्ज्याच्या बाजूनं विचार करत बसतो. यवतमाळच्या बाईनं बासेलला दावा लावायचा म्हणजे काय काय लागतं? पंचनामा मराठीत, दवाखान्याचा कागद अर्धा मराठी अर्धा इंग्रजी आणि अक्षर डॉक्टरचं, डबा फेकून दिलेला, दुकानदारानं पावती दिलेली नाही. कोणत्या डब्यानं मेला हे सिद्ध कसं करायचं? पुतळ्यांवर कोरलेले मानवाधिकार बाजूला ठेव. हा दावा टिकणार की नाही ते एका बिलाच्या कागदावर ठरतं. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये कंपन्यांसाठी तत्त्वं काढली, माणसाला दाद मागायची सोय असली पाहिजे म्हणून. छान आहेत. पण कृषी केंद्रात बिल मागायची सवय ती तत्त्वं लावणार नाहीत. तू परत आलीस की आधी आत्याच्या गावाला जा आणि तेवढं शिकव. तुझी पदवी तिथं जास्त कामाची आहे, असं मला वाटतं. रागावू नको.

आता खरं काम. मनीषनगरच्या काकूंची मुलगी परत आलीय, लहान पोराला घेऊन. नवरा तिकडेच, नेदरलँड्सला. तिनं इथल्या कुटुंब न्यायालयात पोटगीसह अर्ज केलाय. परवा काकू माझ्याकडे आल्या, "भाऊ, तुम्ही कोर्टात होते, नोटीस जात का नाही हो?" वकिलानं केलेला अर्ज मी पाहिला. पत्त्याच्या जागी लिहिलंय: अ‍ॅम्स्टलवीन, नेदरलँड्स. बस. जसं काही तो तिथला सरपंच आहे.

तो १९६५ चा करार तू वाचलाच असशील. पहिल्याच कलमात आहे, ज्याला कागद द्यायचा त्याचा पत्ता माहीत नसेल तर हा करार लागूच होत नाही. सगळं आंतरराष्ट्रीय यंत्र तयार उभं आहे आणि घर क्रमांकासाठी अडलंय. हुकूमनाम्याचं पुढे काय, याची चिंता मला कमी आहे. इथला हुकूम तिकडे सहज चालायचा नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण त्याच्या नावावर बेसा रोडला प्लॉट आहे, आणि प्लॉट काही विमानात बसून जात नाही. त्यावर जप्ती आणायला आपलंच कोर्ट पुरे. नोटीस मात्र आधी नीट बजावली गेली पाहिजे, नाहीतर उद्या तो म्हणेल, मला कळवलंच नाही.

काकूंकडे एक जुनं पाकीट सापडलं, त्यावर रस्त्याचं नाव आणि पिनकोड आहे, तो मी तुला वेगळा कळवतो. तुला सवड होईल तेव्हा गाडीनं जा. दारावर किंवा टपालपेटीवर नाव आहे का बघ. असलं तर घर क्रमांक, त्यापुढचं अक्षर असेल तर तेही, जसं आहे तसं लिहून घे. फोटो काढू नको, शेजाऱ्यांना विचारू नको, आणि बेल अजिबात वाजवू नको. बजावणी तिथला अधिकारी करील. तू फक्त पाटी वाचायची आणि परत यायचं. थंडी असेल, कानाला बांधून जा.

आईनं वड्यांचा डबा भरलाय, पण टपालात टिकणार नाहीत म्हणून मीच खातोय.

तुझे,
बाबा