रात्रपाळीच्या मावशींना

मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितोय, कारण वर्षभर मी हे लपवत आलो.

पोळ्याचा दिवस आठवतो? मण्यार चावलेलं नऊ वर्षांचं लेकरू आलं होतं. रात्री जमिनीवर झोपलेलं, चावल्याची खूणही दिसेना. सकाळी पोट दुखतंय म्हणाल्यावर घरच्यांनी ओवा दिला. आमच्याकडे पोचेस्तोवर पापण्या मिटायला लागल्या होत्या. सर्पविषाची लस दिली, पण व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता. त्याचा बाप आणि मी आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिलो. रात्री दहाला संपलं. मी सर्टिफिकेट लिहिलं आणि शेजारच्या खाटेवरचं सलाइन बदललं. ड्यूटीचा छत्तिसावा तास होता.

मग मागच्या जिन्यात जाऊन बसलो. रडू येईना. उठूच नये असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते तीन महिने रोजच वाटत होतं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मी पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यायचो. स्वतः लावायचं कधी सुचलं नाही.

एरवी मला ‘सर’ म्हणणाऱ्या तुम्ही त्या रात्री म्हणालात, “कामून बसलास रं लेकरा इथं? जेवलास का?” तुमच्या डब्यातली भाकरी आणि येसराची आमटी. उपदेश शून्य. ‘आमच्या वेळी याहून वाईट होतं’ हे वरिष्ठांचं पालुपद तर नाहीच.

सकाळी पाळी संपली तरी तुम्ही घरी गेला नाहीत. माझा केसपेपर काढलात, मानसोपचार ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलात. कुणी नाव वाचेल म्हणून मी कागद उलटा धरला होता. तुम्ही तो सुलटा केलात.

डिप्रेशनच्या गोळीला लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, हे मी कितीदा समजावलंय. स्वतःवर आली तेव्हा चौथ्याच दिवशी कुरकुरलो. “मग पेशंटला काय सांगता ओ तुमी?” म्हणालात.

१९९२ च्या केंद्राच्या आदेशात निवासी डॉक्टरला आठवड्याला ४८ तास होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सनं ७४ सुचवले. दोन्ही आकडे ऐकून तुम्ही हसला होतात. माझे तास अजून तेच आहेत. झोप मात्र लागते.

डबा माझ्याकडेच राहिलाय. रिकामा कसा देऊ? आईनं धपाटे करून पाठवलेत. सोमवारी रात्रपाळीच आहे ना तुमची?

तुमचा,
जिन्यातला डॉक्टर