शिष्यवृत्तीच्या खिडकीमागच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अर्जाच्या आधी तुम्ही बँकेची चौकशी करता, याचं नव्या मुलांना नवल वाटतं. कॉलेजच्या वसतिगृहात महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, अर्ज भरून देणारे आम्ही माजी विद्यार्थी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानतो ते याच चौकशीसाठी.

'खातं आधारला जोडलंय' असं बँकेत सांगतात, ते पुष्कळदा केवायसीपुरतंच, म्हणजे ओळख पटवण्यापुरतंच असतं. शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर जाते. ती कोणत्या बँकेत उतरणार हे एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाकडच्या नोंदीवरून ठरतं आणि एका आधारला तिथे एकच बँक असते. मधेच मोबाइलवरून शून्य शिलकीचं नवं खातं उघडलं, न वाचता संमतीवर टिचकी मारली, की नोंद तिकडे सरकते. मग पासबुक एका बँकेचं आणि पैसे दुसऱ्याच बँकेत. ते खातं बंद केलेलं असेल तर पैसे माघारी जातात. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या 'छोट्या खात्या'ची गत वेगळी. तिथे शिल्लक एरवी 50,000 च्या वर जात नाही, वर्षाची जमाही 1 लाखाच्या आत लागते. अभियांत्रिकीच्या फीची रक्कम तिथे अडकू शकते. म्हणून तुम्ही खिडकीसमोरच मुलांना फोन काढायला लावता: आधार, ओटीपी, बँकेचं नाव आणि त्यापुढे 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द. तो दिसेपर्यंत अर्ज नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यावर तुम्ही आधी रक्कम पाहत नाही, खाली 31 मार्चच्या तारखेवर बोट ठेवता. मुदत कुठल्या सालच्या मार्चपर्यंत आहे हे मुलं बघतच नाहीत, आणि संपलेला दाखला पोर्टलवर बिनबोभाट चढतो. चूक कळते ती छाननीत, काही महिन्यांनी. दाखला 15 ते 256 केबीमध्ये बसवताना दाबून दाबून तहसीलदारांचा शिक्का पुसट होतो, तेही तुम्हीच पकडता.

'प्रवेशाचा प्रकार' या रकान्यावरची तुमची लाल पेनची खूणही विसरता येणार नाही. जागा मिळाली कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून), पण निवडलं 'संस्था स्तर', की व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलाचा हक्क एका टिचकीत जातो. वसतिगृहात राहून 'डे स्कॉलर' भरलं तर अर्ज मंजूर होतो, फक्त पैसे कमी येतात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत अभियांत्रिकीला वसतिगृहातल्यांना वर्षाला 13,500 आणि घरून येणाऱ्यांना 7,000 भत्ता असतो. बीएला 6,000 आणि 3,000. मंजुरी आलेली असते, म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

जुलै 2024 च्या शासन निर्णयानंतर 'मुलींना सगळं फुकट' ही हाकाटी झाली. ती निस्तरायला तुमचे किती दिवस गेले असतील! शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, तेही 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, त्यातही कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्यांना. विकास शुल्क, खोली आणि मेस घरूनच. हे प्रवेशाआधी सांगितलंत म्हणून पालकांनी तेवढी तजवीज केली.

आणखी एक नाजूक काम तुम्ही करता. अनुसूचित जातीच्या या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. घरी बियाणं-खताची ओढ असताना खात्यात एवढी रक्कम दिसली की ती वळवायचा मोह कुणालाही होईल. पैसे पडले की तुमचा फोन जातो, 'यातले एवढे फीचे हं'. मुलाचा अपमान न करता हे सांगायला हातोटी लागते. आम्हाला अजून जमलेली नाही.

त्रुटीमुळे परत आलेला अर्ज मुलाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. एसएमएस बापाच्या जुन्या नंबरवर जातो. तुम्ही ती यादी दर शनिवारी फळ्यावर लावता, तिचा फोटो आम्ही गटात टाकतो. एवढी साधी युक्ती, पण कितीतरी अर्ज तिने वाचवले.

दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांची नूतनीकरणाची यादी सोबत जोडली आहे. त्यात तिघांचं एनपीसीआय अजून बाकी आहे. त्यांना तेवढं खिडकीवरून परत पाठवा.

आपले,
वसतिगृहातले माजी विद्यार्थी